वाट विचारायची कशी, सांगायची कशी: सह्याद्रीत भरकटायचं नसेल तर

सह्याद्रीत एखादा ग्रुप वाट चुकला की नंतर सगळेजण तेच बोलतात, अनुभव नव्हता, पाणी कमी होतं, निघायलाच उशीर केला. असेल तसंही. पण त्या ग्रुपमधल्या कुणाला शांतपणे बसवून विचारा की नेमकं कुठे चुकलात आणि तिथलं तुम्हाला काय सांगितलेलं होतं, तर बऱ्याचदा मूळ निघतं ते कुणीतरी दिलेल्या अर्धवट माहितीत. "गावातून सरळ वर जा, मळलेली वाट आहे, चुकायचा प्रश्नच नाही." सांगणारा खोटं बोलत नसतो, उलट मनापासून मदत करत असतो, पण तो त्या वाटेनं इतक्यांदा गेलेला असतो की मधे कुठेकुठे वाट फुटते हे त्याला जाणवतच नाही, पाय आपोआप बरोबर वळतात आणि त्याच्या डोक्यात ती वाट खरंच सरळ असते. ऐकणाऱ्याला मात्र पहिल्याच फाट्यावर दोन सरळ वाटा दिसतात.

म्हणून हे लिहितोय. वाट विचारायची कशी, मिळालेली माहिती तपासायची कशी, चुकलंच तर काय करायचं आणि आपण दुसऱ्याला वाट सांगताना काय काय सांगायचं. यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं कारण त्याच्याकडे कुणी लक्षच देत नाही.

तोलार खिंडीत काय होतं

खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड ही वाट समजून घ्यायला चांगली आहे. माळशेजच्या रस्त्यावर खुबी फाटा, तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर, गावातून चढत तोलार खिंड, खिंडीतून गड. ऐकायला किती सोपं. एका ग्रुपला आलेला मेसेज साधारण असा होता, "खिरेश्वरहून निघा, खिंडीत पोचलात की सरळ, पुढे मळलेली वाट गडावरच्या देवळापर्यंत नेते." हे लोक खिंडीत पोचले तेव्हा धुकं होतं, सगळ्यांना दम लागलेला, सरळ म्हणजे समोर, आणि समोर छान रुळलेली वाट होती, ती धरली. ती वाट पलीकडे कोथळे गावाकडे उतरते. गडावर जायला खिंडीतून डाव्या हाताला कातळावर चढायचं असतं, तिथे रेलिंग लावलेली आहेत, पण धुक्यात आणि डोक्यात 'सरळ' बसलेलं असताना बाजूला कोण बघतंय. मधे एकाला वाटलं की गडावर जायचंय आणि आपण एवढे उतरतोय कसे, तो बोललाही, तर दुसरा म्हणाला मेसेजमध्ये मळलेली वाट लिहिलंय ना, ही मळलेलीच आहे. खाली एक गुराखी भेटला तेव्हा उलगडा झाला. परत खिंडीत चढून यायचं, मग कातळ, मग पठार, आणि पठारावर बालेकिल्ल्याच्या आसपास इतक्या वाटा आहेत की दिवसाउजेडीसुद्धा माणूस गोंधळतो, यांना तिथे अंधार पडला. टॉर्चच्या उजेडात एकमेकांना हाका मारत रात्री उशिरा देवळाशी पोचले. सगळे धड परत आले, पण येतीलच असं काही नव्हतं.

आता त्या मेसेजमध्ये चुकीचं असं काय होतं? 'सरळ' हा शब्द सोडला तर काहीच नाही, मळलेली वाट खरंच देवळापर्यंत जाते. पण तीन गोष्टी राहिल्या होत्या. खिंडीत पोचलो हे ओळखायचं कशावरून, तर तिथे दगडात कोरलेलं वाघाचं शिल्प आहे, ते दिसलं म्हणजे खिंड आली. खिंडीत किती वाटा फुटतात आणि त्यातली कुठली घ्यायची नाही. आणि चुकलो तर ते कळणार कशावरून, म्हणजे खिंडीनंतर लगेच कातळ आणि रेलिंग लागायला हवं, ते न लागता उतार सुरू झाला तर मागे फिरा. ही तीन वाक्यं असती तर पाच मिनिटांत चूक लक्षात आली असती. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या तीन गोष्टींभोवतीच आहे. ठिकाण ओळखायची खूण, नको असलेली वाट, आणि चुकल्याची खूण.

घरून निघायच्या आधी

पहिलं नाव तपासा. हे बाळबोध वाटेल पण सह्याद्रीत एकाच नावाची ठिकाणं ढिगानं आहेत आणि मॅपवर नाव टाकून निघणारे यात हमखास अडकतात. राजमाची टाकलं आणि खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटला जाऊन थांबले असं होतं, किल्ला तिथून लांब आहे आणि किल्ल्याच्या पायथ्याचं गाव उधेवाडी. नागफणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला आहे आणि नागफणी भीमाशंकरलाही आहे. पाली म्हटलं की बल्लाळेश्वराची पाली डोळ्यांपुढे येते, सुधागडला जायला तीच बरोबर, पण राजगडच्या पाली दरवाज्याची पाली वेगळी, पार वेगळ्या तालुक्यात. कोंडाणे लेणी कर्जतकडून राजमाचीला चढताना लागतात आणि कोंढाणा म्हणजे सिंहगड. म्हणून कुणी वाट सांगितली की आधी एवढं विचारून घ्या, गाव कुठलं, तालुका कुठला, जवळचं एसटी उतरायचं ठिकाण कुठलं.

दुसरं म्हणजे एका गडाला किती वाटा आहेत ते बघून ठेवा आणि आपल्याला सांगितलेली वाट त्यातली कुठली ते नक्की करा. खांडसहून भीमाशंकरला दोन वाटा आहेत, गणेश घाट आणि शिडी घाट. गणेश घाट लांबचा पण सोपा, शिडी घाट जवळचा पण कातळावर शिड्या, पावसात निसरडा, नवख्या माणसानं तिकडे जाऊच नये. आता कुणी नुसतं "खांडसहून तीन तासांत जातो" म्हणालं आणि तो शिडी घाटाबद्दल बोलत असेल आणि तुम्ही आईवडिलांना घेऊन गणेश घाटानं निघालात तर तुमचं दुपारचं गणित कोलमडणारच, आणि उलटं झालं तर त्याहून वाईट. हरिश्चंद्रगडाचंही तेच, पाचनईहून घरातल्या मोठ्यांना नेता येतं, नळीच्या वाटेनं दोर आणि जाणकार सोबत हवेत, आणि दोन्हीला लोक हरिश्चंद्रगड ट्रेक असंच म्हणतात.

माहिती कुठल्या महिन्यातली आहे ते विचारा. हा प्रश्न कुणी विचारतच नाही आणि याच्यामुळे खूप फसगत होते. फेब्रुवारीत गेलेल्या माणसाला जी वाट लख्ख दिसली ती सप्टेंबरमध्ये कमरेएवढ्या गवतात दिसतच नाही. मे महिन्यात वणवा लागून गेलेला उतार असेल तर सगळीकडे काळं, वाट आणि वाट नसलेलं सारखंच दिसतं. जुलैमध्ये "कोरडा ओढा ओलांडा" हे वाक्य धोकादायक आहे कारण तो ओढा कोरडा नसतो, आणि वरून पाणी वाहून वाहून जे चर पडतात ते हुबेहूब पायवाटेसारखे दिसतात, त्यात शिरलेला माणूस ओढ्यात उतरतो. दरड कोसळून तर वाटेचा अख्खा तुकडा जातो. तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमधली माहिती ऑगस्टला वापरायची असेल तर ती नुसती तोंडओळख समजा.

जीपीएक्स फाइल, म्हणजे आधी गेलेल्या कुणाच्या जीपीएसनं नोंदवलेली वाटेची रेषा, घेतली तर उत्तम, ऑफलाइन मॅपवर टाका, पण ती आंधळेपणानं वापरू नका. फाइल बनवणारा जिथे चुकला, परत फिरला, पाणी शोधायला बाजूला गेला ते सगळं त्या रेषेत असतं. रेषा एकदम सरळसोट दिसली, दरी असो की डोंगर, तर समजा तिथे जीपीएसला सिग्नल नव्हता किंवा कुणी घरी बसून हातानं काढलीय. चढताना आणि उतरताना एकच रेषा वापरलीय का तेही बघा. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या माणसांच्या फाइल एकावर एक टाका, जिथे दोन्ही जुळतात तिथे वाट पक्की, जिथे फाटतात तिथे फाटा किंवा गडबड आहे, ती जागा वहीत लिहून घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाकला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी टिकते, मॅप आधी डाउनलोड केलेला पाहिजे एवढंच.

ज्यांना जमेल त्यांनी सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट, म्हणजे डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणारा नकाशा, वाचायला जरूर शिकावं. १:५०,००० चं शीट म्हणजे नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि उंचीच्या रेषा सहसा २० मीटरच्या अंतरानं असतात. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा. "मेसेजमध्ये लिहिलेली सोंड" (डोंगराची खाली उतरत जाणारी धार) आणि "नकाशावरची सोंड" जुळते का एवढं घरी बसून बघितलं तरी अर्धं काम होतं.

वेळेचा अंदाज स्वतः काढा, सांगणाऱ्याच्या तासांवर जाऊ नका. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसानं १८९२ मध्ये दिलेला हिशोब आजही वापरतात, ५ किलोमीटरला १ तास आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. ६ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर सव्वादोन तासांच्या आसपास होतात. आपल्याकडे ऊन, ग्रुप, फोटो, नाश्ता हे धरून मी त्यात निम्मा वेळ अजून घालतो, म्हणजे साधारण सव्वातीन-साडेतीन तास. डिसेंबरमध्ये पुण्या-मुंबईकडे संध्याकाळी सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जंगलातल्या वाटेवर त्याच्या बरंच आधी अंधारतं. तेवढ्यावरून परत फिरायची वेळ ठरवा आणि ती वेळ झाली की माथा समोर दिसत असला तरी फिरा.

गावात विचारताना

पायथ्याच्या गावात थांबून विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, जीपीएस असलं तरी. पण विचारायची पद्धत आहे. "मामा, ही वाट गडावर जाते का?" असं विचारलं की दहातले आठजण "जाते की" म्हणणार. कारण जाते, चार तासांचा वळसा घालून का होईना जाते, आणि पाहुण्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. त्याऐवजी बोट न दाखवता विचारा, "मामा, राम राम, गडावर जायची वाट कुठली?" आता त्यांना स्वतःला सांगावं लागतं. ते हात करतात, त्या हाताकडे नीट बघा, डावं-उजवं शब्दात घेऊ नका. समोरासमोर उभं राहून बोलताना त्यांचं डावं ते आपलं उजवं होतं, म्हणून त्यांच्या शेजारी जाऊन, ते बघतात त्याच दिशेला तोंड करून उभे रहा आणि मग ऐका. "ते टेपाड दिसतंय ना, त्याच्या वरल्या अंगानं" हे शेजारी उभं राहिल्यावरच कळतं.

मग पुढचे प्रश्न. पहिला फाटा कुठे लागतो? तिथे कुठली वाट सोडायची? पाणी शेवटचं कुठे? मधे वस्ती आहे का, कुणाचा झाप (रानातली झोपडी), गोठा? आणि वाट चुकून लोक कुठे जातात? हा शेवटचा प्रश्न विचाराच. गावकऱ्यांना हे पक्कं माहिती असतं कारण चुकलेल्यांना शोधायला तेच गेलेले असतात, आणि एरवी दोन शब्दांत उत्तर देणारे मामा इथे मात्र उभं राहून सगळं सांगतात. "त्या आंब्यापासनं लोक खाली ओढ्यात जात्यात, तिकडं नका जाऊ, तिकडं कडा हाय." या एका वाक्यासाठी गावात दहा मिनिटं थांबायला काहीच हरकत नाही.

विचारायचं कुणाला तर जो वर जातो त्याला. रस्त्यावरचा दुकानदार चांगला माणूस असेल पण तो वर्षानुवर्षं वर गेलेला नसतो. गुराखी, मोळी आणायला जाणाऱ्या मावश्या, मध काढणारे, देवळाची पूजा करणारे, यांना इंच न इंच माहिती असतो. लहान मुलांना विचारू नका, ती उत्साहानं कुठलीही वाट दाखवतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही. ऐकून झालं की त्यांना परत म्हणून दाखवा, "म्हणजे देवळापासून पहिली वाट सोडायची, दुसरी धरायची, ओढा उजव्या हाताला राहील, बरोबर ना?" निम्म्या वेळा ते तिथे दुरुस्ती करतात.

वेळ विचारलीत तर "तुम्हाला किती लागतो" असं नका विचारू, "आमच्यासारखे लोक किती वाजेपर्यंत पोचतात" असं विचारा. त्यांचा अर्धा तास आपला दीड तास असतो. "हे काय, इथंच हाय पलीकडं" याचा अर्थ वाट चुकीची नाही एवढाच घ्या, अंतर त्यातून काढू नका.

आणि वाट अनोळखी असेल, पावसाळा असेल, ग्रुपमध्ये नवीन माणसं जास्त असतील, तर सरळ गावातला वाटाड्या घ्या. त्याचे पैसे आधी बोलून ठरवा, घासाघीस करू नका, जेवण त्यांच्याच घरी सांगा. वाटाड्या घेतला म्हणजे आपण कमी पडलो असं काही नसतं.

चालताना

सांगितलेली वाट डोक्यात एकसलग ठेवू नका, तुकडे करा. आत्ता मी कुठे आहे, पुढची खूण कुठली, ती किती वेळात दिसायला हवी. देवळापासून वीस मिनिटांत विहीर लागेल असं सांगितलं असेल आणि चाळीस मिनिटं झाली तरी विहीर नाही, तर थांबा. पुढे बघू, लागेल कुठेतरी, असं म्हणत जे चालत राहतात ते लांबवर चुकतात.

ढोरवाट, म्हणजे गुरांच्या जाण्यायेण्यानं पडलेली वाट, ओळखायला शिका, सह्याद्रीत सगळ्यात जास्त फसवते तीच. पायाखाली बघाल तर ती मळलेलीच दिसते, कधीकधी माणसांच्या वाटेपेक्षा जास्त रुंद आणि साफ, म्हणून तर "मळलेली वाट धरा" या सांगण्याला काही अर्थ नसतो. खाली बघू नका, वर बघा. गुरं जिथून जातात तिथे खालचं झुडूप मोडलेलं असतं पण छाती-डोक्याच्या उंचीवर कारवी आणि फांद्या तशाच असतात, तुम्हाला वाकून जावं लागतं, तोंडाला काटक्या लागतात. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीवरच्या फांद्या कोयत्यानं तोडलेल्या असतात, तिरका साफ काप दिसतो, जुना असेल तर काळा पडलेला. दगडावरही बघा, माणसांच्या वाटेवर चढाच्या जागी दगडाच्या कडा पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या असतात, अवघड ठिकाणी कुणीतरी दगड लावून पायरी केलेली असते. ढोरवाट चढ टाळते, उतारावर आडवी आडवी जात राहते, सारखी फुटते, परत मिळते आणि शेवटी पाण्याशी नाहीतर चांगल्या गवताशी जाऊन संपते. लाकडं तोडणाऱ्यांची वाट त्याहून फसवी, कोयत्याचे काप असतात पण ती झाडीत जाऊन एकदम संपते, आजूबाजूला बुंधे दिसतात. अशा वेळी शोधत पुढे घुसायचं नाही, मागच्या फाट्यावर यायचं.

बाण आणि रिबनी दिसल्या की जीव भांड्यात पडतो, पण त्या कुणी कशासाठी लावल्यात हे माहिती नसतं. डोंगरातल्या पळण्याच्या स्पर्धा होतात, त्यांच्या रिबनी कित्येक महिने झाडांना लटकत असतात आणि त्यांचा मार्ग गडावर जात असेलच असं नाही. बाण दुसऱ्या घाटवाटेचाही असू शकतो. दगडांची लगोरी त्यातल्या त्यात भरवशाची, तीही एकामागे एक दिसत राहिली तर. आपण स्वतः ऑइलपेंटनं बाण काढत सुटू नका, बरेच गड संरक्षित स्मारक आहेत आणि भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्याचे भाग आहेत.

प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा आणि मागच्या बाजूचा फोटो काढा. उतरताना हाच फाटा पूर्ण वेगळा दिसतो. चढताना दोन वाटा येऊन एकत्र मिळाल्या तर आपल्या लक्षातही येत नाही, आपण चालत असतो, उतरताना मात्र तिथे समोर दोन वाटा उभ्या आणि संध्याकाळची घाई. उतरतानाच लोक जास्त चुकतात असं मला तरी कायम दिसलंय, आणि वाट सांगणारेही नेहमी चढायचीच वाट सांगतात.

चुकलात तर

बसा. खरंच खाली बसा, पाणी प्या, सगळ्यांना एकत्र करा. दोघे तिकडे बघतात, दोघे इकडे बघतात असं करू नका, त्यात एका हरवलेल्या ग्रुपचे तीन होतात. मग एकच प्रश्न, शेवटची नक्की ओळखीची जागा कुठली होती आणि तिथून निघून किती वेळ झाला. तिथपर्यंत आल्या वाटेनं परत जा. अर्धा तास चढून परत जायचं जिवावर येतं, पण शॉर्टकटनं आडवं कापून मूळ वाटेला लागू हा विचार तिथेच सोडून द्या.

ओढ्यानं खाली उतरू नका. पाणी खाली जातं, खाली गाव असतं, म्हणून ओढ्यानं गावात पोचू हे सपाट मुलखात ठीक आहे. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक, ओढा एका थरावरून आरामात वाहतो आणि थर संपला की खाली उडी घेतो. तुम्ही पहिला छोटा टप्पा घसरून उतरता, दुसरा उतरता, तिसरा साठ-सत्तर फुटांचा असतो आणि तोवर वरचे दोन परत चढता येत नाहीत. बचाव करणाऱ्यांना अडकलेली माणसं अशा घळींमध्ये सापडतात. घाटमाथ्यावर असाल तर हेही लक्षात ठेवा की मावळतीला कोकणाच्या बाजूला कडे आहेत आणि उगवतीला देशाकडे उतार सहसा सौम्य, पठार, शेतं, वाड्या. धुक्यात दिशा कळत नसेल तर कंपास बघा, आणि मावळतीकडे उतार लागला तर एकही पाऊल पुढे नको.

अंधार पडला तर चालणं थांबवा. कड्यापासून आणि ओढ्यापासून लांब, आडोशाला बसा, असतील तेवढे कपडे घाला. रेंज शोधायला एकट्यानं हिंडू नका. ११२ हा मदतीचा नंबर लावून बघा, आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या नेटवर्कवरून तो लागू शकतो. कॉल लागला नाही तरी एसएमएस जातो कधीकधी, त्यात अक्षांश-रेखांशाचे आकडे, किती माणसं, कुणाला लागलंय का, आणि आपण कुठल्या गावातून कुठल्या वाटेनं निघालो ते लिहा. "आम्ही जंगलात आहोत, समोर डोंगर दिसतोय" यावरून कुणीच काही करू शकत नाही. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचं समन्वय केंद्र आहे, लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रसारखी मंडळी आहेत, ज्या भागात जाणार तिथल्या पथकाचा नंबर निघायच्या आधी सेव्ह करा. शिट्टी जवळ ठेवा, मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा वेळा. टॉर्चनंही तसंच. बचाव पथकाला बोलावल्यावर जागा बदलू नका, ते तुम्हाला शोधत फिरतात आणि तुम्ही त्यांना.

आता आपण सांगताना

गडावरून परत आलो की कुणीतरी विचारतंच, वाट कशी आहे रे. त्या वेळी "एकदम सोपी, चुकायचा प्रश्नच नाही" हे वाक्य तोंडातून काढूच नका, कळकळीनं सांगतोय. तुम्हाला सोपी वाटली कारण तुमच्यासोबत पाचवेळा गेलेला मित्र होता. लिहिताना मी काय लिहितो ते खिरेश्वरच्याच वाटेवर दाखवतो.

"जानेवारीत गेलो, हवा स्वच्छ होती, पावसाळ्यात वेगळं असेल. खिरेश्वर गावातून निघून चढत तोलार खिंड, आमच्या बेताच्या वेगानं दीड तासाच्या आत. खिंड आल्याची खूण म्हणजे दगडात कोरलेला वाघ, तो दिसेपर्यंत खिंड आली असं समजू नका. खिंडीतून समोर पलीकडे उतरणारी वाट कोथळ्याची आहे, ती घ्यायची नाही. खिरेश्वरकडून आलेल्याच्या डाव्या हाताला कातळ आहे, त्याला रेलिंग आहे, तिथून चढायचं. खिंडीनंतर रेलिंग न लागता उतार लागला तर चुकलात, वाघाजवळ परत या. कातळ संपला की पठार आणि बरेच चढउतार, इथे वाटा खूप, धुकं असेल तर खुणा दिसेनाशा होतात, अशा वेळी थांबा किंवा गावातला माणूस सोबत घ्या. दुपारी दोनपर्यंत कातळ चढून झाला नसेल तर परत फिरणं बरं."

लांबलचक आहे, माहितीये. पण यातलं एकेक वाक्य कुणाच्यातरी उपयोगी पडतं. बघा, यात डावं म्हटलंय तर कुठून आलेल्याचं डावं तेही म्हटलंय. महिना आहे, वेग आहे, नको असलेली वाट नावासकट आहे. "थोडं पुढे गेल्यावर", "मोठ्या झाडापाशी", "पांढऱ्या दगडापासून" असलं काही नाही, कारण मोठी झाडं सगळीकडे असतात आणि पांढरा दगड पावसाळ्यात शेवाळून हिरवा होतो. हॉटेलची पाटी, लावलेली गाडी, बांधलेली गाय यांच्या खुणाही देऊ नका. देऊळ, खिंड, कातळात खोदलेलं टाकं, शिल्प, तटबंदी, विहीर, पूल, या हलत नाहीत.

जे आठवत नाही ते जोडून देऊ नका. "इथून बहुतेक उजवीकडे" यातलं 'बहुतेक' पुढच्या फॉरवर्डमध्ये गळून जातं आणि उजवीकडे तेवढं शिल्लक राहतं. त्यापेक्षा "इथे गावात विचारा" एवढंच लिहा. व्हॉइस नोट पाठवू नका, डोंगरात कुणी तीन मिनिटांची नोट परत परत ऐकत नाही, शिवाय रेंज नसते, लिहूनच पाठवा आणि समोरच्याला स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा. ज्याला सांगताय तो कोण आहे तेही बघा. पहिल्यांदा जाणाऱ्याला शिडी घाटाची वाट सांगूच नका, कितीही चांगली माहिती असली तरी.

उतरून गावात आलात की ज्यांनी वाट सांगितली त्यांच्या घरावरून जा आणि आलो म्हणून सांगा, नाहीतर ते रात्री कंदील घेऊन बघायला निघतात. वर काय बदललंय तेही सांगा, दरड आलीय, रेलिंग हललंय, टाक्यातलं पाणी आटलंय, दुसऱ्या दिवशी येणाऱ्या ग्रुपला तेच सांगणार असतात. आणि स्वतःची जुनी लिहिलेली वाट असेल तर ती पुसून नवी लिहू नका, खाली तारीख टाकून जोडा की ऑगस्टमध्ये इथे गवतात वाट दिसत नव्हती, नोव्हेंबरमध्ये परत मोकळी झाली, म्हणजे वाचणाऱ्याला तो कुठल्या महिन्यात जातोय त्याप्रमाणे ठरवता येतं.